चार्जिंग स्टेशनला माणसं आली कुठून?

२६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा ताफा रस्त्यावर उतरला. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. ओला आणि महिंद्रा या दोन कंपन्या त्यामागे होत्या. ताफा सुमारे दोनशे गाड्यांचा ठरला होता आणि शहरात चार ठिकाणी मिळून पन्नासहून जास्त चार्जिंग पॉइंट बसवले होते. काही महिन्यांतच चालक चार्जिंगच्या रांगेत अडकू लागले. मग चर्चा सुरू झाली ती बॅटरीची, नागपूरच्या उन्हाची आणि चार्जर किती कमी पडतात याची. चार्जर सांभाळणाऱ्या माणसाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. तो काय शिकलेला असावा, त्याला कुठून आणायचा, रात्री दोन वाजता चार्जर बंद पडला तर कुणी जायचं, हे प्रश्न तेव्हा मागेच राहिले. आज चार्जिंग कंपन्यांना योग्य माणूस मिळत नाही, त्याचं मूळ इथे शोधावं लागतं.

त्याआधीची वर्षं या कामाला वेगळा माणूस लागतच नव्हता. २००१ मध्ये बेंगळुरूची रेवा बाजारात आली, ती घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज व्हायची. गीझरला लागतं तेच बटण. गल्लीतला वायरमन यायचा, अर्थिंग तपासायचा, जरा जाड वायर ओढून द्यायचा आणि काम संपायचं. पुढे आलेल्या विजेच्या दुचाक्यांचंही तसंच. चार्जर गाडीसोबत यायचा आणि बिघडला की गाडीच्या दुकानात परत जायचा.

जलद चार्जरने हे चित्र बदललं. रस्त्याकडेला उभं असलेलं ते कपाट उघडून पाहिलं की भरती अवघड का होते ते कळतं. खाली महावितरणकडून किंवा मुंबईत टाटा, अदानी, बेस्टकडून आलेली वीज, पॅनेल, ब्रेकर, अर्थिंग. हे वीजतंत्र्याचं क्षेत्र. त्याच्या वर एसीचं डीसी करणारी पॉवर मॉड्यूल, म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. मग गाडीशी बोलणारा कंट्रोलर. बॅटरी किती व्होल्ट मागते, किती करंट झेपतो, कधी थांबायचं, हे गाडी आणि चार्जर एकमेकांना सतत सांगत असतात. शिवाय सिमकार्ड, सर्व्हरशी जोडणी, मोबाइल अ‍ॅप आणि पैसे भरण्याची सोय. ग्राहकाच्या तोंडी तक्रार एकच असते, ‘चार्जर चालत नाही’. त्यामागे न्यूट्रल सैल झालेला असतो, मॉड्यूल जळालेलं असतं, गाडीचं सॉफ्टवेअर अडलेलं असतं किंवा नुसती रेंज गेलेली असते. हे सगळं एका माणसाने जागेवर उभं राहून ओळखायचं. असा माणूस तयार करणारा अभ्यासक्रम तेव्हा नव्हता, म्हणून तो इतर धंद्यांतून उसना आणावा लागला.

सगळ्यात उपयोगी पडले ते मोबाइल टॉवरवर काम केलेले लोक. हा दुवा सहसा सांगितला जात नाही, पण तो महत्त्वाचा आहे. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या कपाटात एसीचं ४८ व्होल्ट डीसी करणारे रेक्टिफायर असतात, बॅटऱ्यांची रांग असते आणि बिघाडाची खबर दूरवरच्या नियंत्रण कक्षाला आपोआप जाते. चार्जरची घडण याच्या फार जवळची. भारतात चार्जर बनवणाऱ्या काही मोठ्या कंपन्याही याच वाटेने आल्या. गुरुग्रामची एक्सिकॉम आणि तैवानी मूळ असलेली डेल्टा या दोघी आधी टेलिकॉमला लागणाऱ्या वीजसामग्रीत मुरलेल्या होत्या. टॉवरवरच्या तंत्रज्ञाला दुचाकीवर मल्टिमीटर आणि सुटे भाग घेऊन जिल्हाभर फिरायची सवय होती, फोनवरून सूचना घेत कार्ड बदलणं त्याच्या हातचं होतं. यूपीएस आणि सोलर इन्व्हर्टरची दुरुस्ती करणारे त्यांच्या पाठोपाठ आले. सॉफ्टवेअरची बाजू सांभाळायला माहिती तंत्रज्ञानातले लोक आले. चार्जर आणि सर्व्हर यांच्यातली ओसीपीपी ही भाषा २००९ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये घडायला लागली होती. ती येणारे अभियंते इथे नव्हते, आलेल्यांनी ती काम करता करता शिकून घेतली.

मात्र शिकलेलं फार काळ टिकेना. केंद्राने २०१७ मध्ये मद्रास आयआयटीचे अशोक झुनझुनवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१ ही चार्जरची मानकं पुढे आणली. त्याच वर्षी सरकारी कार्यालयांसाठी १०,००० विजेच्या गाड्या घेण्याची ईईएसएल या सरकारी कंपनीची निविदा टाटा मोटर्स आणि महिंद्राने मिळवली. त्या गाड्यांची बॅटरी ७२ व्होल्टची, म्हणून डीसी-००१ सुद्धा कमी व्होल्टेजचा आणि १५ किलोवॉटचा. तो गाडीशी कॅन पद्धतीने, म्हणजे संदेशासाठीच्या वेगळ्या तारांवरून बोलायचा. मग जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही आली. तिची बॅटरी तीनशे व्होल्टच्या वरची, जोडणी सीसीएस-२ या दुसऱ्याच घडणीच्या प्लगची, आणि गाडी-चार्जरचा संवाद पॉवर लाइन कम्युनिकेशन या निराळ्या पद्धतीवर. जुना डीसी-००१ तिला लावताच येत नव्हता. बाजार सीसीएस-२ कडे वळला आणि ज्यांनी डीसी-००१ वर हात बसवला होता त्यांना तीन वर्षांत बरंच काही नव्याने शिकावं लागलं. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, तंत्र बदलतच असतं. पण ज्या धंद्यात शिकलेलं इतक्या लवकर शिळं होतं तिथे फक्त ‘दोन वर्षांचा अनुभव हवा’ अशी जाहिरात देऊन भागत नाही. अनुभव कशावरचा, हे विचारावंच लागतं.

दरम्यान १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एक खुलासा केला. गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती एक सेवा आहे, त्यामुळे २००३ च्या वीज कायद्याखाली त्यासाठी परवाना लागणार नाही. हा निर्णय नसता तर हा उद्योग उभाच राहिला नसता, असं माझं ठाम मत आहे. हॉटेल, पेट्रोल पंप, सोसायटी, मॉल, कुणालाही चार्जर लावता येऊ लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्ग केला. डिसेंबरमध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या: शहरात ३ किलोमीटर गुणिले ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक स्टेशन, महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एकेक. अंतर ठरलं, सॉकेट ठरले, वीजदर ठरला.

माणसाच्या पात्रतेबाबत मात्र जुना कायदा आणि नवा धंदा यांच्यात फट राहिली. विजेच्या जोडणीचं काम परवानाधारक कंत्राटदाराने, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावं, हा नियम आपल्याकडे १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून आहे. म्हणजे मीटरपासून चार्जरपर्यंतची केबल टाकणाऱ्याकडे परवाना हवाच. पण चार्जरच्या आत हात घालणारा, तो सुरू करून देणारा, त्यातला बिघाड शोधणारा कोण असावा, हे कंपनीने आपापलं ठरवायचं. कुणी डिप्लोमावाला घेतो, कुणी आयटीआयचा, कुणी चार दिवसांच्या प्रशिक्षणावर कुणालाही पाठवतो. अमेरिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. केंद्राच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या चार्जरांवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे ईव्हीआयटीपी हे खास प्रमाणपत्र किंवा नोंदणीकृत शिकाऊ प्रशिक्षण असावं आणि चार्जर ९७ टक्के वेळ चालू असावा, या दोन अटी तिथे एकाच नियमावलीत आल्या. चार्जर चालू राहणं आणि माणूस शिकलेला असणं या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे तिथे कागदावर मान्य झालं.

आपल्याकडे कारागीर घडवण्याची यंत्रणा जुनी आणि मोठी आहे. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. महाराष्ट्रात शासकीय आयटीआय चारशेहून जास्त आहेत. वीजतंत्री आणि तारतंत्री हे तिथले प्रतिष्ठेचे व्यवसाय, त्यांना प्रवेश मिळावा म्हणून दहावीला चांगले गुण लागतात. गेल्या काही वर्षांत ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा नवा व्यवसायही आला. पण तो मुख्यतः गाडीचा. वीजतंत्री भिंतीपर्यंत पोहोचतो, हा गाडीपासून सुरू होतो आणि चार्जर नेमका दोघांच्या मधे उभा असतो. कौशल्य परिषदांचंही तसंच: वाहन उद्योगाची एक, इलेक्ट्रॉनिक्सची दुसरी, वीज क्षेत्राची तिसरी, हरित नोकऱ्यांची चौथी. चार्जर या चौघींच्याही अंगणात थोडा थोडा येतो. अल्पमुदतीचे अभ्यासक्रम निघाले आहेत, त्यातले काही चांगलेही आहेत. पण दहावी झालेल्या मुलाने ‘मला हे व्हायचंय’ असं बोट ठेवून सांगावं, असं एक नाव या कामाला अजून मिळालेलं नाही. जाहिरातींत तो कुठे ‘फील्ड इंजिनिअर’ असतो, कुठे ‘सर्व्हिस टेक्निशियन’, कुठे ‘ओ अँड एम एक्झिक्युटिव्ह’. हुद्दा बदलला तरी पिशवीतला मेगर, टोंग टेस्टर आणि लॅपटॉप तेच असतात.

आणि मग स्पर्धा आहे महावितरणशी. २०२३ च्या अखेरीस निघालेली विद्युत सहायक पदाची जाहिरात ५,३४७ जागांची होती. पहिली तीन वर्षं कंत्राटी मानधन, त्यानंतर कायम नोकरीची वाट. आयटीआय झालेल्या मुलाच्या घरी या जाहिरातीची जशी वाट पाहिली जाते तशी कुठल्याही खासगी कंपनीच्या जाहिरातीची पाहिली जात नाही. त्याला नावं ठेवू नयेत. चार्जिंगच्या धंद्यात बरेचदा नोकरी मूळ कंपनीत नसते, ठेकेदाराकडे असते. ठेका बदलला की माणूस सुटतो आणि त्याच्यासोबत त्या परिसरातल्या प्रत्येक चार्जरचा स्वभाव जाणणारी माहितीही जाते. कोणत्या स्टेशनला दुपारी व्होल्टेज पडतं, कुठल्या पॅनेलमध्ये पावसाचं पाणी शिरतं, हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं नसतं. भरतीची अडचण सांगणाऱ्यांनी आधी माणसं टिकत का नाहीत ते सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

मागणी किती झपाट्याने वाढली ते आकड्यांत दिसतं. मार्च २०२२ च्या सुमारास देशात सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं १,७४२ होती. २ फेब्रुवारी २०२४ ला ती १२,१४६ झाली आणि त्यात महाराष्ट्र ३,०७९ स्टेशनांसह पहिला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशाचा आकडा २५,२०२ वर गेला. तेव्हा कर्नाटक ५,७६५ वर होतं आणि महाराष्ट्र ३,७२८ सह दुसऱ्या क्रमांकावर. कुठलीही प्रशिक्षण व्यवस्था तीन वर्षांत चौदापट माणसं घडवू शकत नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जरांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा पेट्रोल पंपांवर चार्जर आले. पंपावरच्या माणसाला नोझल हातात धरायची सवय, पण चार्जर अडकला तर काय करायचं हे त्याला शिकवावं लागतं. चार्जर त्याच्या डोळ्यांसमोर असतो, पहिली खबर तोच देतो. त्याला दोन दिवस नीट शिकवलं तरी तंत्रज्ञाच्या अर्ध्या फेऱ्या वाचतील.

बसडेपोची गोष्ट याहून निराळी, आणि माझ्या दृष्टीने जास्त आशेची. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात पीएमपीच्या ई-बस सुरू झाल्या, भेकराईनगरचा डेपो त्यांच्यासाठी उभा राहिला. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली होती, त्याच वाटेवर १ जून २०२२ ला एसटीची विजेवरची ‘शिवाई’ धावली. डेपोत रात्री ओळीने बस लागतात, सकाळच्या पहिल्या फेरीआधी सगळ्या भरून निघायला हव्यात, उच्चदाबाची जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर आवारातच असतात. तिथे माणूस एका जागी राहतो, पाळीत काम करतो, वरच्या माणसाकडून शिकतो. फिरतीच्या नोकरीत न मिळणारी उस्तादगिरी डेपोत मिळते. चार्जरांवरचे हात घडवायचे तर शिकाऊ उमेदवार आधी डेपोत ठेवावेत.

आता पुढचा टप्पा शहरांबाहेरचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या, विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी आहेत. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात मुंबईला १,५०० स्टेशनं, पुण्याला ५००, नागपूरला १५०, तर अमरावतीला ३० आणि सोलापूरला २० असं वाटप होतं. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या धोरणाने महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरवली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. २५ ने भागलं तर एका बाजूला अठ्ठावीस जागा होतात. त्यातल्या कितीतरी सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा अशा तालुक्यांच्या हद्दीत येतील. तिथला चार्जर रात्री बंद पडला तर संभाजीनगरहून किंवा नागपूरहून माणूस निघून पोहोचेपर्यंत उजाडेल. त्या तालुक्यांतली वीजतंत्री झालेली मुलं मात्र नोकरीसाठी चाकणला किंवा वाळूजला जातात.