अ‍ॅमेझॉन मूनफ्लॉवर

अ‍ॅमेझॉन मूनफ्लॉवर हा दक्षिण अमेरिकेतला, रात्री फुलणारा निवडुंग. शास्त्रीय नाव स्ट्रोफोकॅक्टस विटी, पण बऱ्याच ठिकाणी अजून सेलेनिसेरियस विटी असंच लिहिलेलं दिसतं. निवडुंग म्हटलं की आपल्याला माळरान आठवतं, हा मात्र राहतो पाण्यात बुडणाऱ्या जंगलात. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीचं काळं पाणी दरवर्षी काठावरच्या झाडांमध्ये घुसतं आणि महिनोन्‌महिने तिथेच थांबतं, या जंगलाला तिकडे इगापो म्हणतात, आणि तिथल्याच झाडांवर पुराची पातळी जिथवर येते त्याच्या आसपास हा चढलेला असतो. कोलंबिया, व्हेनेझुएला, पेरूमध्येही सापडतो.

खोड म्हणजे नुसत्या चपट्या पट्ट्या, पानच वाटावं अशा, कडेने बारीक काटे. मधल्या शिरेतून मुळं फुटून झाडाची साल धरतात, त्यामुळे पट्टी खोडाला अगदी चिकटून बसते आणि ऊन लागलं की लालसर होते.

फूल पांढरं, आणि एकाच रात्रीचं. अंधार पडायला लागला की उमलायला लागतं, दोनेक तासांत पूर्ण उघडतं, आधी गोड वास येतो, मग तोच वास बिघडत जातो, आणि सकाळपर्यंत फूल मिटलेलं. फुलाची नळी २५ सेंटिमीटरच्याही पुढे जाते, मध तिच्या तळाशी, म्हणजे खूप लांब सोंडेचा हॉक मॉथ पतंगच तिथे पोचणार. बियांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात, त्या पाण्यावर तरंगत दुसऱ्या झाडापर्यंत जातात. ज्या पुरात बाकीची झाडं बुडतात तोच पूर याचं बी पेरतो, मला या झाडाची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

१९०० मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल शुमान यांनी याचं पहिलं वर्णन केलं, विटी हे नाव ब्राझीलमधल्या मानाउस शहरातल्या विट नावाच्या संग्राहकावरून. आपल्या बाल्कनीतलं ब्रह्मकमळ आणि सोलापूर-सांगलीकडच्या शेतातलं ड्रॅगन फ्रूट ही याचीच लांबची भावंडं, तीही रात्रीच फुलतात.

ब्रिटिश चित्रकार मार्गारेट मी (Mee) या कित्येक वर्षं हे फूल उमललेलं पाहायला धडपडत होत्या. शेवटी मे १९८८ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी रिओ नेग्रोवर बोटीतून रात्रभर बसून त्याची स्केचेस काढली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या बोटॅनिक गार्डनमध्ये हे फुललं तेव्हा जगभरातले लोक लाइव्ह कॅमेऱ्यावर ते बघत बसले होते.