नफ्याची देशनिहाय वाटणी

नफ्याची देशनिहाय वाटणी : अनेक देशांत कारभार असलेल्या कंपनीसमूहाच्या नफ्यावर कोणत्या देशाने किती कर घ्यायचा, हे ठरवण्याची रीत. वाटणी बडोद्याला नवी नाही. 1752 च्या सुमारास दमाजी गायकवाडांनी गुजरातचा निम्मा हिस्सा पेशव्यांना देणे कबूल केले होते. पण तिथे गावे मोजता येत होती. कंपनीचा नफा वहीत जिथे लिहावा तिथे उगवतो.

रूढ पद्धतीत समूहातली प्रत्येक कंपनी परकी मानतात. आपसांतला माल, सेवा किंवा रॉयल्टी तिऱ्हाइताला ज्या भावात दिली असती, तोच भाव धरायचा. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) काळापासून हीच चाल आहे. भारतात तिचे सविस्तर नियम 2001 च्या वित्त कायद्याने आले. बडोद्यातले सीए तिला नुसते ‘टीपी’ (ट्रान्सफर प्रायसिंग) म्हणतात. 31 ऑक्टोबर जवळ आला की थ्री-सीईबी फॉर्मसाठी, म्हणजे समूहातल्या परदेशी व्यवहारांवर सीएने द्यायच्या अहवालासाठी, तुलनेला ‘कम्पेरेबल’ कंपन्या शोधण्याची धांदल उडते. खरी अडचण तिथेच आहे : जो सुटा भाग समूहाबाहेर कुणी विकतच नाही, त्याचा बाजारभाव आणायचा कुठून?

एक काल्पनिक हिशेब घेऊ. बडोद्याच्या मकरपुऱ्यातला कारखाना 700 रुपयांत एक व्हॉल्व्ह तयार करतो आणि समूहाच्याच सिंगापूरच्या कंपनीला 770 ला देतो. ती तो जर्मनीतल्या भगिनी-कंपनीला 1,400 ला लावते आणि तिथे ग्राहक 1,450 मोजतो. बाकी खर्च सोडला तर नफा 750 : भारताचा 70, जर्मनीचा 50 आणि दोन टेबलांच्या सिंगापूरचा 630. व्हॉल्व्ह तिथे उतरलासुद्धा नसेल.

दुसरी पद्धत सूत्राची. सगळा समूह एक धरायचा, एकूण नफा काढायचा आणि विक्री, मनुष्यबळ, मालमत्ता यांच्या प्रमाणात वाटायचा. अमेरिकेतली राज्ये आपसांत अशीच वाटणी करत आली आहेत, पण पुष्कळ राज्यांनी पुढे विक्रीलाच जास्त वजन दिले. सूत्र दिसते गणिती, असते राजकीय. वरच्या उदाहरणात सगळी विक्री जर्मनीत, मालमत्ता 70 टक्के बडोद्यात, माणसे 80 टक्के बडोद्यात. पगाराचा वाटा मात्र 50 टक्केच, कारण इथला पगार कमी. तिन्ही घटकांना सारखे वजन दिले आणि मनुष्यबळ पगाराने मोजले, तर भारताला 300 रुपये. डोकी मोजली, तर 375. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या समितीने 2019 मध्ये परदेशी कंपन्यांच्या भारतातल्या नफ्यासाठी असेच तीन घटकांचे सूत्र सुचवले आणि मनुष्यबळात निम्मा भार डोक्यांना, निम्मा पगाराला दिला. त्या हिशेबाने 337 रुपये 50 पैसे. सूचना शहाणपणाची होती, पण ती नियमांत उतरली नाही.

2021 मध्ये 136 देशांनी मान्य केलेल्या तोडग्यात सूत्राला थोडी जागा मिळाली. 20 अब्ज युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांचा उलाढालीच्या 10 टक्क्यांवरचा जो नफा, त्याचा चौथा हिस्सा ग्राहकांच्या देशांत वाटायचा होता. तो भाग अजून अमलात आलेला नाही. त्यात मोजली जाणार होती ती विक्री. मकरपुऱ्यातल्या कारागिराला त्या सूत्रात जागाच नव्हती.