कमकुवत दंतवल्काच्या कायम दाढेतील दंतमज्जारक्षण

कायम दाढेची कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली तरी नस सगळी काढून न टाकता तिचा निरोगी भाग जिवंत ठेवण्याच्या उपचारांना दंतमज्जारक्षण म्हणतात. आपण ज्याला दाताची नस म्हणतो ती दंतमज्जा, म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि दंतिन (कवचाखालचा दाताचा कठीण थर) घडवणाऱ्या पेशी यांचा मऊ गाभा. काही मुलांचे दंतवल्क, म्हणजे दातावरचे सर्वांत कठीण कवच, घडतानाच कच्चे राहिलेले असते. अशा मुलांना या उपचाराची गरज फार लवकर पडते आणि तो तडीस नेणेही जास्त अवघड जाते. या कच्चेपणाचा नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, थोडक्यात एमआयएच. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे एमआयएच असलेल्या पहिल्या कायम दाढेविषयी आहे.

सहाव्या वर्षीची दाढ

पहिली कायम दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे हिरडीतून ती निमूटपणे वर येते, त्यामुळे बऱ्याच घरांत तिला दुधाचीच दाढ समजतात. त्यात कीड दिसली की 'पडणारच आहे, भरायची कशाला' म्हणून विषय संपतो. दंतवैद्याकडे मूल येते ते रात्री झोपेतून उठून रडू लागल्यावर. या एका गैरसमजापायी जितक्या दाढा जातात तितक्या गोळ्या-चॉकलेटांपायीही जात नसतील, असे म्हणावेसे वाटते.

या दाढेच्या शिखराचे, म्हणजे हिरडीवर दिसणाऱ्या भागाचे, दंतवल्क जन्माच्या सुमारास घडू लागते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पुरे होते. ते घडवणाऱ्या पेशी काम संपल्यावर नाहीशा होतात. म्हणून या काळात राहिलेली उणीव शरीराला पुढे कधीच भरून काढता येत नाही. एमआयएचमध्ये दंतवल्काची जाडी सहसा पुरेशी असते, पण त्यात खनिज कमी आणि प्रथिन जास्त राहते. परिणामी ते सच्छिद्र आणि ठिसूळ होते. एक ते चार पहिल्या दाढा बाधित असतात आणि पुष्कळदा पुढचे कायमचे पटाशीचे दातही. डाग पांढरट, पिवळे किंवा तपकिरी असतात. रंग जितका गडद तितके दंतवल्क अधिक कच्चे, असा ढोबळ नियम आहे. या विकाराला हे नाव २००१ मध्ये सुचवले गेले. २००३ मध्ये अथेन्स येथील बैठकीत युरोपातील बालदंतवैद्यांनी निदानाचे निकष ठरवले. त्यानुसार १ मिलिमीटरपेक्षा लहान डाग मोजत नाहीत. जगभरातील पाहण्या एकत्र केल्या तर मुलांतले प्रमाण सुमारे १३ ते १४ टक्के निघते. कारण एकच असे सापडलेले नाही. पहिल्या तीन वर्षांतले वारंवार ताप व आजारपण, बाळंतपणातील गुंतागुंत आणि आनुवंशिक कल यांचा एकत्रित परिणाम असावा, असे मानतात. दुधाच्या दुसऱ्या दाढेवर असेच डाग असतील तर कायम दाढेलाही ते असण्याची शक्यता वाढते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात डोकावणाऱ्याला मिळणारी ही फुकटची पूर्वसूचना आहे.

महाराष्ट्रात याची गल्लत फ्लोरोसिसशी होण्याचा संभव आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी व बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने मुलांचे दात डागाळतात. फ्लोरोसिसचे डाग धूसर असतात, रेघोट्यांसारखे पसरतात आणि दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. एमआयएचच्या डागाला मात्र स्पष्ट कड असते. डावी दाढ पूर्ण तपकिरी आणि उजवी धड, असेही होऊ शकते.

कच्चे दंतवल्क चावण्याच्या दाबाखाली टवक्या-टवक्यांनी उडते. दाढ हिरडीबाहेर पुरती आलेली नसतानाच आतले दंतिन उघडे पडते. गार पाणी झोंबते, वाराही लागतो. मूल त्या बाजूने चावत नाही आणि तिथे ब्रशही फिरवू देत नाही, मग अन्नाचा थर साचून कीड झपाट्याने पसरते. ती नेहमीच्या खाचेतच लागते असे नाही. दाढेच्या उंचवट्यांवर किंवा गुळगुळीत बाजूवर, जिथे सहसा कीड दिसत नाही तिथेही खड्डा पडलेला आढळतो.

मज्जा का राखायची

दाढ तोंडात दिसू लागली तरी तिची मुळे अपुरी असतात. मुळांची टोके मिटायला त्यानंतर सुमारे तीन वर्षे लागतात, म्हणजे मूल नऊ-दहा वर्षांचे व्हावे लागते. या काळात मुळाची लांबी आणि भिंतींची जाडी वाढवण्याचे काम जिवंत मज्जेच्या भरवशावर चालते. सातव्या वर्षी मज्जा मेली तर मूळ आहे तिथेच थांबते. ते आखूड राहते, भिंती पातळ राहतात आणि टोक नरसाळ्यासारखे उघडे राहते. अशा दाढेचे रूट कॅनल करणे जिकिरीचे असते आणि केले तरी काही वर्षांनी ती मानेपाशी तडकण्याचा धोका राहतो. मुळातली मज्जा जगली तर मूळ स्वतःहून पुरे होते. लहान मुलात मज्जा राखण्याचे पहिले कारण हे आहे, वेदना थांबवणे त्यानंतर येते.

किडीने मज्जा उघडी पडली की ती गेलीच समजावी, ही समजूत दंतवैद्यकात दीर्घकाळ होती. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झेराल्ड यांनी अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगाने तिला धक्का बसला. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा त्यांनी मज्जेपर्यंत कोरून उघड्या सोडल्या. त्या उघड्या मज्जेवर नव्या दंतिनाचा पूल तयार झाला. साध्या वातावरणातल्या उंदरांची मज्जा मात्र सडली. मज्जा मरते ती जंतूंमुळे, नुसती उघडी पडल्याने नाही, हे त्यातून सिद्ध झाले. १९७८ मध्ये स्वीडनमधील मिओमिर क्वेक यांनी अपघातात तुटलेल्या मुलांच्या ६० पुढच्या दातांतील वरची सुमारे २ मिलिमीटर मज्जा कापून कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावले आणि ९६ टक्के दात वाचले. ही पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण ते दात धडधाकट होते, केवळ आपटून तुटलेले. किडलेल्या दाढेत हे धाडस सर्रास होऊ लागले ते नवी सिमेंटे आल्यावर.

त्यांतले पहिले एमटीए, म्हणजे मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे आणले. बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचाच हा शुद्ध केलेला नातलग आहे. क्ष-किरणात दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. ही कॅल्शियम सिलिकेट सिमेंटे ओलाव्यात घट्ट होतात, म्हणजे रक्ताने व लसिकेने ओलसर असलेली मज्जा त्यांना चालते. घट्ट होताना त्यांतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते आणि परिसर तीव्र अल्कधर्मी होतो, जंतूंना तिथे तग धरणे अवघड जाते. दंतिनात साठलेली वृद्धिकारक प्रथिने मोकळी होतात आणि मज्जेतील पेशी दंतिन घडवण्याच्या कामाला लागतात. जुन्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडखालीही पूल तयार होत असे, पण त्यात बोगदे राहत आणि औषध काही वर्षांत विरघळून जाई. एमटीएचे दोष म्हणजे ते घट्ट व्हायला काही तास लागतात आणि दात काळवंडतो. नंतर आलेले बायोडेंटिन सुमारे १२ मिनिटांत घट्ट होते आणि बिस्मथ नसल्याने डागही पाडत नाही.

निदानातली अडचण

मज्जा कितपत सुजली आहे हे बाहेरून ओळखण्याची खात्रीची चाचणी नाही. गार लागून लगेच थांबणारी कळ सौम्य सुजेची, तर आपोआप उठणारी आणि रात्री जागवणारी कळ गंभीर सुजेची खूण, असे परंपरेने मानतात. एमआयएचच्या दाढेत हा हिशेब चुकतो. किडीविनाही तिला गार असह्य होते. सच्छिद्र दंतवल्काखालील मज्जेत मज्जातंतूंची दाटी वाढलेली असते आणि दाहाच्या खुणा दिसतात, असे २००७ मध्ये ब्रिटनमधील एका सूक्ष्मदर्शकी अभ्यासात आढळले. विजेच्या चाचणीवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण नव्याने आलेल्या दातात तिला प्रतिसाद देणारे तंतू पुरते रुजलेले नसतात. क्ष-किरण चित्रात अपुऱ्या मुळाच्या टोकाशी दिसणारा गोल काळपट भाग हा गळू नसून मुळाच्या वाढीचा कोंब असू शकतो. दुसऱ्या बाजूच्या त्याच दाढेशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावरून निष्कर्ष काढू नये.

म्हणून खरा निवाडा दाढ उघडल्यावर रक्त पाहून होतो.

प्रत्यक्ष उपचार

पहिला अडथळा भुलीचा. नेहमीच्या इंजेक्शनाने ओठ बधीर होतो, तरी दाढेला ड्रिल लागताच मूल उसळते. ते नाटक करत नसते, दाहामुळे चिडलेले तंतू भुलीला दाद देत नाहीत. आर्टिकेन या भुलीच्या औषधाची जादा मात्रा देणे, आधी आयबुप्रोफेन हे वेदनाशामक देणे, नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू हुंगवणे असे उपाय करतात. दोनदा दुखवलेले मूल तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही, त्यामुळे या टप्प्यावर घाई केली की पुढचे सगळे अडते.

दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणून लाळ बाहेर ठेवतात. कडेची कीड पूर्ण साफ करतात. तळाशी मज्जेवर मऊ थर उरला असेल आणि मज्जा उघडी पडलेली नसेल तर तो तसाच ठेवून वर पक्के सील करणे हा सर्वांत सौम्य मार्ग आहे. आत कोंडलेले जंतू अन्न न मिळाल्याने निष्प्रभ होतात. युरोपातील मूलनलिकातज्ज्ञांच्या (रूट कॅनल तज्ज्ञांच्या) संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेतही खोल किडीत सगळे खरवडून काढण्याचा आग्रह सोडलेला आहे.

मज्जा उघडी पडलीच तर पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याच्या बरने (ड्रिलच्या टोकाने) तिचा वरचा २ ते ३ मिलिमीटर भाग कापतात. मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अलगद दाबून पाच मिनिटे थांबतात. बोळा उचलल्यावर कापलेली कड लालसर, ओलसर पण रक्त न वाहणारी दिसली तर उरलेली मज्जा धड आहे. काळपट रक्त झिरपत राहिले तर सूज आणखी खोल आहे, म्हणून मुळांच्या तोंडापर्यंतची शिखरातली सगळी मज्जा काढतात आणि पुन्हा बोळा ठेवतात. तिथेही रक्त थांबेना किंवा मुळाच्या तोंडातून रक्तच येईना, तर ती मज्जा राखण्यात अर्थ नाही. रक्त थांबल्यास त्यावर कॅल्शियम सिलिकेट सिमेंटचा सुमारे ३ मिलिमीटरचा थर बसवतात. गंभीर सुजेची लक्षणे असलेल्या दाढांतही शिखरातली पूर्ण मज्जा काढण्याचा हा उपचार बऱ्याच वेळा यशस्वी होतो, हे आता मान्य झाले आहे. इराणमधील एका बहुकेंद्री चाचणीत मुळे पूर्ण झालेल्या अशा दाढांत त्याचा पाच वर्षांचा निकाल रूट कॅनलच्या तोडीचा ठरला.

वरचे झाकण

सिमेंट कितीही चांगले असले तरी वरून गळती झाली की जंतू परत आत शिरतात आणि काकेहाशींच्या साध्या उंदरांची गत होते. एमआयएचमध्ये नेमके इथेच बिघडते. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे पांढरे भरण, दंतवल्काला चिकटते ते आम्लाने पाडलेल्या सूक्ष्म खळग्यांत शिरून. प्रथिनाने भरलेल्या कच्च्या दंतवल्कात ते खळगे धड पडत नाहीत. भरणाची कड सुरुवातीला छान दिसते, मग तिच्या लगतच्या दंतवल्काचा टवका उडतो आणि फट पडते. कड धड दंतवल्कावर नेली तर भरण टिकते, पण तसे दंतवल्क उरलेले असेल तरच.

म्हणून स्टीलची तयार टोपी हाच सर्वांत भरवशाचा पर्याय ठरतो. ती पूर्ण दाढ झाकते, एका बैठकीत बसते आणि स्वस्त असते. पालकांना चकाकणारी दाढ आवडत नाही, म्हणून पांढऱ्या भरणाचा आग्रह होतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या मागच्या दाढेत दिसण्यापेक्षा टिकण्याला महत्त्व द्यावे, असेच अनुभवी बालदंतवैद्य सांगतात. मूल मोठे झाल्यावर टोपी काढून कायमचे आवरण बसवता येते.

त्यानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी तपासणी लागते. दुखत नाही एवढे पुरेसे नाही, कारण मज्जा गुपचूपही मरते. चित्रात मूळ आधीपेक्षा लांब झाले आहे का, टोक मिटत आले आहे का, हे पाहतात.

दाढ काढणे केव्हा योग्य

प्रत्येक दाढ वाचवलीच पाहिजे असे नाही. चारही दाढा ढासळलेल्या असतील, भोवतीचे दंतवल्क टोपीलाही आधार देणार नसेल, तर ठरावीक वयात त्या काढणे हा पराभव नाही. साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान, दुसऱ्या कायम दाढेच्या मुळांचा दुभंग नुकता घडू लागलेला असताना पहिली दाढ काढली, तर दुसरी पुढे सरकून तिची जागा घेऊ शकते. वरच्या जबड्यात हे सहज होते. खालच्या जबड्यात वेळ चुकली तर दुसरी दाढ कलते आणि मध्ये फट राहते. त्यासाठी संपूर्ण जबड्याचे ओपीजी चित्र काढून ऑर्थोडॉन्टिस्टचा (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाचा) सल्ला घेतात, आणि अक्कलदाढेचा कोंब आहे की नाही हेही त्याच चित्रात पाहतात. निर्णय व्हायचा असतो तोपर्यंत दाढ दुखत ठेवत नाहीत. तेवढ्या एक-दोन वर्षांसाठीही मज्जा राखून तिच्यावर टोपी घालतात.