खळग्यापासून ब्लॉकपर्यंत

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 15 गुण 100 मीटरला असतात. त्यामुळे साताऱ्यात पहाटे मैदानावर गेलं की रेषेमागे वाकलेली पोरं हमखास दिसतात. सुटताना पाय रेटायचे ब्लॉक बहुतेकांकडे नसतात. बुटाच्या टोकाने मुरमात दोन खळगे उकरायचे, पुढचा रेषेपासून साधारण दोन पावलांच्या लांबीवर, मागचा तीन पावलांच्या, आणि दोस्ताने क्लॅपर, म्हणजे आपटून आवाज काढायच्या दोन फळ्या, वाजवायचा. बघणाऱ्याला हे जुगाड वाटतं. पण 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सनेही खुरप्यासारख्या अवजाराने असेच खळगे खणले होते.

त्याच्याही बऱ्याच आधी धावपटू उभ्यानेच सुटायचे. 1888 मध्ये येल विद्यापीठाचा चार्ल्स शेरिल हात जमिनीला टेकून, वाकून सुटला. कल्पना नक्की कोणाची, यावर वाद आहेत. 1896 ला अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये थॉमस बर्कने मात्र वाकूनच सुटून 100 मीटर 12 सेकंदांत जिंकली. फायदा साधा आहे: अंग पुढे झुकलेलं असलं की पायाचा रेटा वर वाया न जाता मागे बसतो.

खळग्यांनी ट्रॅकची चाळण व्हायची. त्यावर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉर्ज ब्रेस्नाहन यांनी ब्लॉक काढले आणि 1929 मध्ये पेटंट मिळवलं. त्याच वर्षी जॉर्ज सिम्पसनने ब्लॉकवरून 100 यार्ड 9.4 सेकंदांत मारले, तर विक्रम मान्यच झाला नाही. ब्लॉकचा आधार घेतला म्हणून! ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले थेट 1948 ला, लंडनला.

मग प्रश्न उरला दोन पायांतल्या अंतराचा. पाय जवळ घेतलेला बंच स्टार्ट आपल्याकडे फार आवडता, कारण त्यात झटकन सुटल्यासारखं वाटतं. अमेरिकन संशोधक फ्रँकलिन हेन्री यांनी 1952 मध्ये मोजून दाखवलं की बंचवाला ब्लॉक लवकर सोडतो, पण कमी वेग घेऊन. 16 ते 21 इंच अंतर ठेवणारा काही यार्डांतच त्याला गाठतो. सत्तर वर्षं झाली, तरी पोरं पाय चिकटवूनच बसतात.

आवाजाचंही तसंच. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो, कारण एका कडेला झालेला आवाज आठव्या लेनला सुमारे 0.025 सेकंद उशिरा पोचतो. आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत हललं तर फाऊल. 2010 पासून पहिल्याच फाऊलला बाहेर. 2011 ला दक्षिण कोरियातल्या देगूच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टसुद्धा यातून वाचला नाही. क्लॅपरवाल्या मैदानावर हे मोजणार कोण? तिथे कडेच्या लेनवाला मुकाट्याने उशिरा सुटतो.

कोणी ब्लॉक आणलाच, तर मुरमात त्याचे खिळे धरत नाहीत. मग दोस्त मागे उभा राहून दोन्ही बूट ब्लॉकला लावतो. पोरगं सुटतं, आणि मागचा दोन पावलं मागे सरकतो.