लिंक्ड लिस्टवरचा लूप: जावातल्या एका निर्णयाची पार्श्वभूमी

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीत लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक घटक (नोड) शेजारच्या घटकांचे दुवे सांभाळतो अशी यादी, आली ती डिसेंबर १९९८ मध्ये, १.२ आवृत्तीतल्या कलेक्शन्स फ्रेमवर्क या संग्रहांच्या क्लाससंचाबरोबर. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत आपोआप वाढणारी यादी म्हणून व्हेक्टर होता, किल्लीवरून किंमत शोधणारा हॅशटेबल होता आणि त्यांच्यावरून फिरायला एन्यूमरेशन होतं. लिंक्ड लिस्ट हवी असेल तर नोडचा क्लास ज्याने त्याने लिहायचा आणि नल (रिकामा दुवा) लागेपर्यंत दुव्यामागून दुवा पकडत जायचं, हीच रीत. त्याआधीच्या भाषांनी वेगवेगळे मार्ग काढले होते. स्मॉलटॉकमध्ये यादीलाच एक ब्लॉक (कोडचा तुकडा) द्यायचा आणि ती तो प्रत्येक घटकावर चालवायची. १९७० च्या दशकातल्या सीएलयूमध्ये इटरेटर, म्हणजे यादीवरून फिरणारा कोड, एकेक घटक यील्ड करायचा, म्हणजे लूपच्या हाती द्यायचा.

या सगळ्यांत खरा फरक एवढाच, की यादीत आपण कुठवर आलो ही नोंद कोण ठेवतं. नोड हातात धरून चालणारा प्रोग्रामर ती स्वतः ठेवतो. जावा १.२ मध्ये ती इटरेटरकडे गेली. नोडचा क्लास लायब्ररीच्या आत बंद राहिला आणि बाहेर तीनच मेथड आल्या: हॅजनेक्स्ट (पुढे घटक आहे का), नेक्स्ट (पुढचा घटक दे) आणि रिमूव्ह (नुकताच दिलेला काढ). लिंक्ड लिस्टसाठी याहून नेमकी रचना जावात नंतरही झालेली नाही, असं माझं मत आहे. इटरेटर थेट नोडपाशी असतो. घटक काढायचा तर शेजारचे दुवे बदलले की झालं, पुन्हा शोधत यावं लागत नाही.

याच वेळी झालेला दुसरा निर्णय मात्र आजही वादाचा आहे. लिंक्ड लिस्टला अ‍ॅरेलिस्टच्या बरोबरीने (ती घटक सलग जागेत ठेवते) 'लिस्ट' या इंटरफेसखाली, म्हणजे मेथडच्या एकाच सामाईक करारात, बसवलं, आणि त्यामुळे इंडेक्स (घटकाचा क्रमांक) देऊन घटक मागणारी गेट मेथड तिलाही घ्यावी लागली. गेटला मागचं काहीच आठवत नाही. दर वेळी टोकापासून चालायला सुरुवात होते. इंडेक्स पहिल्या अर्ध्यात असेल तर पुढच्या टोकाकडून आणि दुसऱ्या अर्ध्यात असेल तर मागच्या टोकाकडून, इतकी काळजी अंमलबजावणीत घेतली आहे. तरीही सरासरी पाव यादी चालावी लागतेच. १ लाख घटकांवर शून्यापासून इंडेक्स वाढवत लूप फिरवला तर एका गेटला सरासरी २५ हजार पावलं, म्हणजे एकूण सुमारे २५० कोटी. इटरेटरला तेच काम १ लाख पावलांत जमतं. आणि कोड वाचून यातलं काहीच कळत नाही, कारण व्हेरिएबलचा टाइप नुसता 'लिस्ट' असतो. शंभर घटकांच्या टेस्टमध्ये हे कधीच उघडं पडत नाही.

हे नजरचुकीने झालं असं म्हणता येत नाही. 'लिस्ट'च्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं आहे की अंमलबजावणी माहीत नसेल तर इंडेक्सपेक्षा इटरेटरने फिरणं बरं. लिंक्ड लिस्ट ज्या क्लासपासून बनली आहे त्याच्या नावातच 'सिक्वेन्शियल' (क्रमाने जाणारा) आहे. समर्थकांचं म्हणणं असं, की इंटरफेस जितके कमी तितकी लायब्ररी शिकायला सोपी, आणि एक यादी काढून दुसरी घालणं एका ओळीचं काम होतं. फायदा खरा आहे. पण ज्या अदलाबदलीने वेग हजारो पटींनी पडू शकतो ती इतकी सोपी करू नये, आणि टाइपनेच सांगायला हवी ती गोष्ट डॉक्युमेंटेशनवर सोडू नये.

२००२ मध्ये, १.४ आवृत्तीत, रँडमअ‍ॅक्सेस नावाचा एकही मेथड नसलेला इंटरफेस आला. इंडेक्सने घटक झटकन मिळतो, एवढंच सांगणारी ती खूण. तो अ‍ॅरेलिस्टला लागला, लिंक्ड लिस्टला नाही. लायब्ररीतला बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत अर्धं अर्धं करत शोधणारी मेथड) ही खूण तपासतो. खूण नसेल आणि यादी ५,००० किंवा त्याहून मोठी असेल तर तो इटरेटरने फिरतो. लायब्ररीने स्वतःपुरती वाट काढली, पण आपल्या लूपबद्दल कंपायलर आजही अवाक्षर काढत नाही.

२००४ च्या पाचव्या आवृत्तीत फॉर-ईच, म्हणजे इटरेटर आतून स्वतःच चालवणारा लूप, आला आणि इंडेक्सची सवय बरीच सुटली. मात्र इटरेटर दिसेनासा झाल्यामुळे त्याचं रिमूव्हही हाताबाहेर गेलं. मग लोक लूपमध्ये थेट यादीवरच रिमूव्ह चालवू लागले. यादी आपल्यातल्या रचनात्मक बदलांचा आकडा ठेवते. इटरेटर नेक्स्टच्या वेळी तो आपल्याकडच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि जुळला नाही तर कन्करंट मॉडिफिकेशनचं एक्सेप्शन फेकतो. ही तपासणी हॅजनेक्स्टमध्ये नाही. तीन घटकांच्या लिंक्ड लिस्टमधून पहिला काढला तर पुढच्या फेरीला एक्सेप्शन येतं. मधला काढला तर यादीचा आकार दोन होतो, इटरेटर दोन पावलं चालून आलेला असतो, हॅजनेक्स्ट 'नाही' म्हणतो आणि तिसरा घटक न बघताच लूप गुपचूप संपतो. एक्सेप्शन आलं तर निदान कळतं तरी, हा प्रकार त्याहून घातक.

२०१४ च्या आठव्या आवृत्तीतल्या रिमूव्हइफने अट देऊन घटक काढायची सुरक्षित सोय केली. लिंक्ड लिस्टवर ती आतून १९९८ चाच इटरेटर आणि त्याचंच रिमूव्ह वापरते. २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीत 'लिस्ट'ला रिव्हर्स्ड (यादी उलट क्रमाने देणारी मेथड) मिळालं, त्यामुळे उलटं फिरायलाही फॉर-ईच चालतो आणि लिस्टइटरेटर (दोन्ही दिशांना फिरणारा इटरेटर) शेवटाला नेऊन मागे आणायची गरज उरली नाही. गेट मात्र जिथे होतं तिथेच आहे, कारण ते 'लिस्ट'मधून काढलं तर जुना कोड कंपाइल होणार नाही.