किसणी ते कचऱ्याचा डबा : मॅक प्रो आणि नाराज व्यावसायिक

जून २०१२ मध्ये ॲपलने आपल्या वार्षिक परिषदेत रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो वाजतगाजत आणला. त्याच दिवशी, मंचावरून एक शब्दही न काढता, कंपनीने आपल्या ऑनलाइन दुकानात मॅक प्रो या सर्वांत महागड्या डेस्कटॉपच्या चित्रावर ‘नवीन’ अशी चिठ्ठी लावली. आत पाहिले तर प्रोसेसर २०१० च्याच पिढीतला, वेग किंचित वाढवलेला. इंटेलचे पुढच्या पिढीचे झिऑन प्रोसेसर मार्चमध्येच बाजारात आले होते, पण ते येथे नव्हते. यूएसबी ३ नव्हते. ॲपलने स्वतःच फेब्रुवारी २०११ पासून लॅपटॉपवर द्यायला सुरुवात केलेले थंडरबोल्ट हे बाहेरची उपकरणे वेगाने जोडण्याचे तंत्रही या यंत्रात नव्हते. ओरड झाली आणि थोड्याच अवधीत ती चिठ्ठी गुपचूप काढून टाकण्यात आली. त्यानंतर टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या पत्राला स्वतः उत्तर देऊन पुढील वर्षाच्या उत्तरार्धात व्यावसायिक ग्राहकांसाठी काही चांगले येत असल्याचे कळवले. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याला असे पत्र लिहावे लागावे, इतकी ही नाराजी तोवर मुरली होती.

ती मुरण्याला कारण होते, कारण या ग्राहकांचे आणि कंपनीचे नाते निव्वळ खरेदी-विक्रीचे नव्हते. १९८५ मध्ये लेझररायटर हा प्रिंटर आणि ऑल्डसचा पेजमेकर हे पानांची मांडणी करणारे सॉफ्टवेअर आल्यानंतर मॅकिन्टॉशला छापखान्यात, जाहिरात संस्थेत आणि मासिकांच्या कचेरीत जागा मिळाली. नव्वदच्या दशकात कंपनी बुडण्याच्या बेतात आली तेव्हा मॅक सोडून न गेलेल्यांत हीच मंडळी मोठ्या संख्येने होती. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज परतले, त्यांनी पसाऱ्यातील बहुतेक यंत्रे बंद केली आणि उरलेली चार चौकटींत बसवली : घरगुती आणि व्यावसायिक अशा दोन ओळी, डेस्कटॉप आणि लॅपटॉप असे दोन रकाने. व्यावसायिक डेस्कटॉपला त्यात पूर्ण एक चौकट मिळाली. पुढील सगळ्या तक्रारींच्या मुळाशी या चौकटीची आठवण आहे.

त्या चौकटीत आलेली यंत्रे उघडण्यासाठीच घडवलेली होती. जानेवारी १९९९ च्या निळ्या-पांढऱ्या पॉवर मॅक जी३ च्या कुशीला एक कडी असे. ती ओढली की बाजूची अख्खी भिंत मदरबोर्डासकट टेबलावर आडवी होई, आणि रॅम बदलण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर शोधावा लागत नसे. २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ ॲल्युमिनियमच्या जाळीदार पेटीत आला आणि वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा वेग देण्याचे आश्वासन जॉब्ज यांनी मंचावरून दिले. आयबीएमच्या चिपने ते कधीच पूर्ण होऊ दिले नाही, आणि २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळण्याची घोषणा केली. ऑगस्ट २००६ मध्ये त्याच पेटीत दोन झिऑन प्रोसेसर घालून पहिला मॅक प्रो आला. किंमत २,४९९ डॉलर. जाळीमुळे त्याला ‘चीज ग्रेटर’, म्हणजे किसणी, हे नाव पडले. ते कुणी हेटाळणीने घेत नसे.

ही किसणी आतून पाहण्यासारखी होती. मागची खिट्टी उचलली की बाजूचे झाकण हातात येई. वरच्या भागात हार्ड डिस्कसाठी चार ओळीने लावलेल्या सरकत्या पट्ट्या असत. डिस्क पट्टीला चार स्क्रूंनी बसवून कप्प्यात ढकलली की ती थेट जोडली जाई. केबल कोठेच लोंबत नसे. खाली ग्राफिक्स आणि इतर कार्डांचे स्लॉट. ध्वनिमुद्रण स्टुडिओ त्यात प्रो टूल्स या ध्वनिसंकलन प्रणालीची महागडी कार्डे लावत आणि संकलक व्हिडिओ कॅप्चरची. त्या कार्डांची गुंतवणूक कित्येकदा संगणकापेक्षा जास्त असे. पेटी बदलली तरी कार्ड नव्या पेटीत जाई, आणि डिस्क भरली तर रात्रीत नवी लावून सकाळी काम सुरू होई. या लोकांच्या दृष्टीने संगणक म्हणजे पुरी झालेली वस्तू नव्हती. कामाच्या साखळीतील ती एक कडी होती, आणि तिचा पुढचा प्रकार कधी येणार हे ठाऊक असणे तिच्या वेगाइतकेच महत्त्वाचे होते. तीन-चार वर्षांची खरेदी आखणाऱ्या स्टुडिओला तारीख लागते. तारीख न सांगणे हा तर ॲपलचा धर्म.

बंद, देखणी आणि लहान वस्तू करण्याचा ॲपलचा मोह त्या आधीही दिसला होता. जुलै २००० मध्ये पंखा नसलेला, पारदर्शक आवरणातला जी४ क्यूब १,७९९ डॉलरला आला आणि बरोबर वर्षभरात त्याचे उत्पादन थांबवावे लागले. पण क्यूब फसल्याने व्यावसायिकांचे काहीच अडले नाही, कारण शेजारी जी४ चा नेहमीचा टॉवर विकायला होता. २०१३ मध्ये मात्र मॅक प्रोच लहान आणि बंद झाला आणि शेजारी दुसरा टॉवर ठेवला गेला नाही. दोन प्रसंगांतला सारा फरक एवढाच, आणि तोच महागात पडला.

मधल्या काळात कंपनीच बदलली होती. जानेवारी २००७ मध्ये आयफोनची घोषणा झाली त्याच दिवशी नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द गळला. २०१० मध्ये जॉब्ज यांनी एका जाहीर मुलाखतीत संगणकांची तुलना ट्रकशी केली. देश शेतीवर चालत होता तेव्हा सगळी वाहने ट्रकच होती, शहरे वाढली तशा मोटारी आल्या. संगणकही उरतील, पण थोड्यांनाच लागतील, असा त्यांचा मुद्दा होता. अंदाज म्हणून तो चुकीचा नव्हता. ट्रक चालवणाऱ्यांना मात्र त्यात आपल्या भवितव्याचा वास आला. २००९ मध्ये चित्रपटांच्या दृश्यपरिणामांसाठी वापरले जाणारे शेक हे सॉफ्टवेअर बंद झाले होतेच. नोव्हेंबर २०१० मध्ये एक्ससर्व्ह हा रॅकमध्ये बसणारा सर्व्हर बंद करत असल्याचे जाहीर झाले आणि पर्याय म्हणून मॅक प्रो किंवा मॅक मिनी घ्या असे सुचवले गेले. मॅक मिनी सर्व्हर-खोलीत कसा बसवायचा, हा विनोद काही दिवस चालला.

खरा घाव जून २०११ मध्ये बसला, तोही यंत्राने नव्हे, सॉफ्टवेअरने. फायनल कट प्रो एक्स हे चित्रसंकलनाचे सॉफ्टवेअर २९९ डॉलरला आले. ते मुळापासून नव्याने लिहिलेले होते, पण जुन्या फायनल कटचे प्रकल्प त्यात उघडत नव्हते. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र संकलित करण्याची सोय नव्हती. टेपवर आउटपुट काढता येत नव्हते आणि ध्वनी किंवा रंगसंस्कारासाठी दुसऱ्या स्टुडिओकडे टाइमलाइन पाठवण्याचे नेहमीचे मार्गही नव्हते. त्यातच जुनी आवृत्ती तात्काळ विक्रीतून काढली गेली. अर्ध्यावर आलेली मालिका हातात असलेल्या आणि आणखी दोन परवाने हवे असलेल्या संकलकाने करायचे काय? मुंबईतील एडिट रूमपासून हॉलिवूडपर्यंत फायनल कट ७ या जुन्या आवृत्तीवर हात बसलेले लोक होते आणि प्रश्न सगळीकडे एकच होता. ॲपलने काहींचे पैसे परत केले, जुनी आवृत्ती काही काळ पुन्हा विकली, जानेवारी २०१२ मध्ये बहुकॅमेरा सोयही दिली. तोवर ॲडोबी आणि ॲव्हिड या प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर कंपन्यांनी सवलती जाहीर करून ग्राहक ओढायला सुरुवात केली होती. सॉफ्टवेअर पुढे चांगले झाले, हे मान्य करायला हवे. पण कामाच्या मध्यावर पायाखालची सतरंजी ओढली जाऊ शकते, ही धास्ती मनात बसली ती बसलीच. जून २०१२ च्या त्या ‘नवीन’ चिठ्ठीवर लोक एवढे का चिडले, याचे उत्तर येथे आहे.

मार्च २०१३ मध्ये युरोपात मॅक प्रोची विक्रीच थांबली. १ मार्चपासून लागू झालेल्या विद्युत-सुरक्षा मानकातील दुरुस्तीनुसार पंख्यांच्या पात्यांना संरक्षक जाळी हवी होती, आणि निघून जाणाऱ्या यंत्रासाठी तो बदल करण्याची ॲपलची तयारी नव्हती. मग जूनमध्ये नव्या मॅक प्रोची पहिली झलक दाखवताना, ॲपलला आता नवे काही सुचत नाही म्हणणाऱ्यांना ॲपलचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून चक्क शिवीवजा टोला हाणला. सभागृहात टाळ्या पडल्या. तेच वाक्य पुढील सहा वर्षे त्यांना ऐकवले गेले.

यंत्र देखणे होते यात शंका नाही. काळा चकचकीत नळकांडा, उंची सुमारे २५ सेंटिमीटर, आकारमान जुन्या किसणीच्या एक अष्टमांश. आत ॲल्युमिनियमचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन बाजूंना तीन बोर्ड – एकावर प्रोसेसर, दोहोंवर एएमडीची फायरप्रो ग्राफिक्स – आणि माथ्यावर सगळ्यांची उष्णता ओढून घेणारा एकच पंखा. अंधारात केबल लावायला यंत्र फिरवले की पोर्टांभोवती आपोआप दिवे लागत. त्याला ‘कचऱ्याचा डबा’ हे नाव मिळायला वेळ लागला नाही. डिस्कचे चार कप्पे गेले, कार्डांचे स्लॉट गेले, दोन प्रोसेसरांची सोय गेली, आणि ग्राफिक्स बोर्ड असे घडवलेले की बाजारातून दुसरे आणून लावणे अशक्य. जे हवे ते थंडरबोल्टने बाहेरून जोडा, असा कंपनीचा विचार होता. परिणामी टेबलावर मध्ये तो सुबक नळकांडा आणि भोवती डिस्कचे डबे, कार्डांची पेटी, प्रत्येकाचा वेगळा ॲडॅप्टर आणि केबलींचा गुंता, असे दृश्य अनेक स्टुडिओंत दिसू लागले. जे जुन्या पेटीच्या पोटात मावत होते ते सारे टेबलावर आले.

मूळ चूक उष्णतेच्या हिशेबात होती. तीन बाजूंनी साधारण सारखीच उष्णता येईल हे गृहीत धरून तो गाभा घडवला होता, म्हणजे मध्यम ताकदीची दोन ग्राफिक्स कार्डे वाटून काम करतील असा कयास होता. उद्योग गेला उलट दिशेला, एकाच पण प्रचंड ताकदीच्या आणि तितक्याच तापणाऱ्या कार्डाकडे. शिवाय रंगसंस्कार आणि त्रिमितीय रेंडरिंगची कितीतरी सॉफ्टवेअरे एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या कुडा तंत्रावर, म्हणजे तिच्याच कार्डांवर चालणाऱ्या गणन-तंत्रावर, झुकलेली, आणि या यंत्रात एनव्हिडियाला प्रवेशच नव्हता. त्यामुळे नवे कार्ड बसवावे तर जागा नाही, अशा कोंडीत यंत्र अडकले. २०१४, २०१५, २०१६ ही वर्षे एकाही सुधारणेविना गेली आणि २,९९९ डॉलरची किंमतही जागची हलली नाही. मॅक मिनीचे त्याहून वाईट झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यातला चार कोअरचा पर्याय काढला गेला, रॅम बोर्डावर झाळली गेली, आणि पुढे चार वर्षे त्याला कुणी हात लावला नाही.

लोकांनी आपापले मार्ग काढले. कुणी विंडोजकडे गेले. कुणी साध्या पीसीवर मॅकची प्रणाली चढवून ‘हॅकिन्टॉश’ बनवले. सर्वांत बोलके वर्तन मात्र जुन्या किसणीला चिकटून राहिलेल्यांचे होते : २००९ च्या यंत्राचे फर्मवेअर, म्हणजे त्यात कोरलेला मूळ प्रोग्राम, बदलून त्याला २०१० चे यंत्र भासवायचे, जुने झिऑन स्वस्तात मिळवून बसवायचे आणि नवी ग्राफिक्स कार्डे घालायची. ज्या यंत्राचे झाकण उघडत होते ते निर्मात्याच्या इच्छेपलीकडे जगले.

डिसेंबर २०१६ मध्ये कुक यांना कर्मचाऱ्यांनाच आश्वासन द्यावे लागले की उत्तम डेस्कटॉप येणार आहेत. आणि एप्रिल २०१७ मध्ये ॲपलने मोजक्या पत्रकारांना बोलावून असे काही केले जे तिच्या स्वभावात बसत नाही. न झालेल्या यंत्राची माहिती दिली. शिलर यांनी खंडाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी आपण स्वतःला उष्णतेच्या कोपऱ्यात कोंडून घेतल्याची कबुली दिली, आणि पूर्णपणे नव्याने विचार केलेला मॅक प्रो येईल, पण त्या वर्षी नाही, असे सांगितले. मॅक घेणाऱ्यांपैकी मॅक प्रो वापरणारे एक आकडी टक्के आहेत, हेही त्याच बैठकीत सांगण्यात आले. टक्केवारी खरी असेल. पण मॅकवर चालणारी सॉफ्टवेअरे लिहिणारे आणि ॲपलच्या जाहिराती संकलित करणारे लोक त्याच एक आकडी टक्क्यांच्या आसपास राहतात, हे कंपनीच्या उशिरा लक्षात आले असावे.

डिसेंबर २०१७ मध्ये ४,९९९ डॉलरचा आयमॅक प्रो आला. ताकदवान, पण पुन्हा बंद. झाकण उघडणारा टॉवर जून २०१९ मध्ये दाखवला गेला आणि डिसेंबरमध्ये विक्रीस आला : ॲल्युमिनियमची जाळी परत, आठ स्लॉट, २८ कोअरपर्यंतचा झिऑन, दीड टेराबाइटपर्यंत रॅम. जे मागितले होते ते जवळजवळ सगळे मिळाले. किंमत मात्र ५,९९९ डॉलरपासून सुरू होत होती, तीही २५६ जीबीच्या साठवणीसह. सोबतच्या मॉनिटरच्या नुसत्या स्टँडची किंमत ९९९ डॉलर आहे हे ऐकून ॲपलच्याच परिषदेत कुजबुज झाली. २,४९९ डॉलरला टॉवर घेणारा छायाचित्रकार किंवा एकट्याचा स्टुडिओ चालवणारा संगीतकार या वेळी हिशेबातच नव्हता.

आणि त्या टॉवरची विक्री सुरू होऊन सहा महिने होतात तोच, जून २०२० मध्ये, ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे जाण्याची घोषणा केली. नव्या चिपमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी एकत्र बांधलेली असते. तिचा वेग आणि विजेची बचत त्यातूनच येते आणि बदल करण्याची मुभाही त्यातच संपते. मार्च २०२२ मध्ये मॅक स्टुडिओ हा लहान, बंद चौकोन आला. जून २०२३ मध्ये एम२ अल्ट्रा ही ॲपलची स्वतःची चिप घातलेला मॅक प्रो ६,९९९ डॉलरला आला तेव्हा तीच चिप मॅक स्टुडिओत ३,९९९ डॉलरला मिळत होती. टॉवरमधल्या मेमरीची मर्यादा दीड टेराबाइटवरून १९२ जीबीवर आली होती. स्लॉट होते, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नव्हते. मार्च २०२५ मध्ये एम३ अल्ट्रा आणि ५१२ जीबीपर्यंतची मेमरी मिळाली ती मॅक स्टुडिओला. झाकण उघडणारा टॉवर त्या दिवशीही एम२ वरच होता.