नळाचे पाणी आणि मत्स्यपेटी (सोलापूर)

घरी नवी मत्स्यपेटी, म्हणजे बोलण्यातला फिश टँक, मांडताना नळाचे पाणी माशांना सोसेल असे करून घेण्याची पद्धत. क्लोरीन, काठिण्य (क्षारांमुळे पाण्याला येणारा जडपणा), सामू (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा पीएच) आणि अमोनिया या गोष्टी सगळीकडे पाहाव्या लागतात. सोलापुरात त्यात साठवणीची भर पडते.

शहराला उजनी धरण, भीमेवरचा टाकळी बंधारा आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव यांतून पाणी मिळते. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद, बॅरल आणि गच्चीवर टाकी असते. टँकमध्ये ओतलेले पाणी आज सुटलेले की चार दिवसांपूर्वीचे, यावर बरेच काही ठरते.

भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा लागतो. माणसाला त्याचा त्रास नाही. माशांचे कल्ले मात्र त्याने पोळतात. उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास तो बहुतांशी उडून जातो, हवेचा पंप लावल्यास आणखी लवकर. झाकणबंद टाकीत तो रेंगाळतो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरतात. क्लोरीनच्या वजनाच्या सुमारे सातपट पुरते. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीनशी त्याचे क्लोरामाइन बनते आणि ते नुसते ठेवून सहजी जात नाही. तिथे औषधच लागते.

नळाला खंड पडला की बोअरचे पाणी वापरात येते. काळ्या बेसाल्ट खडकातले हे पाणी बहुधा दुष्फेन असते: डाळ शिजायला वेळ घेते, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. गप्पी आणि मोली त्यात मजेत राहतात, निऑन टेट्रा किंवा डिस्कस नाही. केवळ आरओचे पाणी भरणे हा उपाय नव्हे. त्यात क्षार उरत नाहीत, त्यामुळे सामू सांभाळणारे कार्बोनेटही नसते आणि तो अचानक घसरू शकतो. नळाच्या पाण्यात थोडे आरओ मिसळणे बरे. त्याहून बरे म्हणजे आपल्या पाण्याला मानवतील असेच मासे आणणे.

काही चुका घरच्याच असतात. अंगणात उरलेला शहाबादी फरशीचा तुकडा सजावटीला टँकमध्ये ठेवतात. तो चुनखडक असल्याने काठिण्य हळूहळू वाढवतो. दगडावर लिंबू पिळून पाहावे, फसफसला तर बाहेर ठेवावा. नव्या सिमेंटच्या हौदातले पाणीही चुन्यामुळे अल्कधर्मी होते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तिने उलट अल्कता खाली येते.

सर्वाधिक मासे मात्र अमोनियाने मरतात. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच पेटीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून सुटलेला अमोनिया एवढ्याशा पाण्यात लगेच साचतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना अमोनियाचा अर्धा टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की सुमारे पाच टक्के. उष्णतेने हे प्रमाण आणखी वाढते, आणि सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तरीही पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात. रिकाम्या टँककडे महिनाभर बघत बसायला मुले कशी तयार होणार?

उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. त्यावर पुन्हा बोअरचे पाणी ओतले की काठिण्य चढत जाते. आटलेली भर आरओने घालावी, आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी काढून उघडे ठेवून मुरवलेले, म्हणजे क्लोरीन उडून गेलेले नळाचे पाणी भरावे. काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरी किनार दिसली, तर नुसतीच भर घातली जात आहे असे समजावे.